स्ट्रीट फायटर टू: कोणत्या कन्सोलवरचा चांगला, हे स्वतः तपासायचं कसं

सुपर निन्टेन्डोवरचा स्ट्रीट फायटर टू भारी की मेगा ड्राइव्हवरचा, हा वाद तीस वर्षं चालू आहे. तो मिटत नाही, कारण वाद घालणारे दोघं बहुतेक वेळा दोन वेगळ्याच गेमबद्दल बोलत असतात. एकाने आठ लढवय्यांची पहिली कॅसेट खेळलेली असते, दुसऱ्याने बारा लढवय्यांची. एकाच्या हातात सहा बटणांचा पॅड असतो, दुसऱ्याच्या हातात तीन बटणांचा. मग दोघंही खरं बोलत असतात आणि तरी एकमत होत नाही.

जुने फायटिंग गेम नव्याने खेळायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून स्ट्रीट फायटर टूच घेतो, कारण एकाच आर्केड (म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्या) गेमच्या इतक्या वेगवेगळ्या घरगुती आवृत्त्या निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सापडत नाही. पद्धत मात्र कुठल्याही फायटिंग गेमला लागू पडते. दोन स्क्रीनशॉट शेजारीशेजारी ठेवले म्हणजे तुलना झाली असं होत नाही. फायटिंग गेम हाताने खेळतात. एका कन्सोलवर हाताला बसलेली सवय दुसऱ्या कन्सोलवर तशीच चालते का, हे आधी बघायचं. त्यासाठी बाकी सगळं शक्य तितकं सारखं करून घ्यावं लागतं, आणि निम्मी मेहनत तिथेच जाते.

पायरी १: तुमच्याकडे नेमकी कोणती आवृत्ती आहे ते ओळखा

आर्केडमध्ये मूळ गेम, म्हणजे ‘द वर्ल्ड वॉरियर’, आला १९९१ मध्ये. १९९२ मध्ये ‘चॅम्पियन एडिशन’ आणि त्याच वर्षी पुढे ‘हायपर फायटिंग’ आला, १९९३ मध्ये ‘सुपर’ आणि १९९४ मध्ये ‘सुपर टर्बो’. घरच्या कन्सोलवर यातली प्रत्येक आवृत्ती आलीच असं नाही. सुपर निन्टेन्डोवर १९९२ मध्ये ‘द वर्ल्ड वॉरियर’ आला तो १६ मेगाबिटच्या कॅसेटवर. (मेगाबिटला आठने भागलं की मेगाबाइट मिळतात, म्हणजे अख्खा गेम २ मेगाबाइटमध्ये बसवला होता. आज मोबाइलवरचा एक फोटोही याहून मोठा असतो.) १९९३ मध्ये त्याच कन्सोलवर २० मेगाबिटचा ‘टर्बो’ आला, मेगा ड्राइव्हवर २४ मेगाबिटचा ‘स्पेशल चॅम्पियन एडिशन’ आला आणि जपानमध्ये पीसी इंजिन या तिसऱ्या कन्सोलवर २० मेगाबिटचा ‘चॅम्पियन एडिशन’.

कॅसेटवरच्या स्टिकरवर विसंबू नका. सेकंडहँड बाजारात कॅसेट एक आणि स्टिकर भलतंच, हे सर्रास चालतं. एका दुकानातून मी ‘टर्बो’ म्हणून आणलेली कॅसेट घरी येऊन लावली, तर निवडीच्या पडद्यावर आठच चेहरे. म्हणून आधी चेहरे मोजा. आठ असतील तर ‘द वर्ल्ड वॉरियर’. बारा असतील, म्हणजे चारही बॉस निवडता येत असतील, तर ‘चॅम्पियन एडिशन’ किंवा ‘हायपर फायटिंग’. कॅमी, फेई लाँग, डी जे आणि टी. हॉक धरून सोळा झाले तर ‘सुपर’. सोळा चेहरे आहेत आणि शिवाय खाली सुपर मूव्हची पट्टीही दिसते, तर ‘सुपर टर्बो’.

बारा चेहऱ्यांच्या दोन आवृत्त्यांत गोंधळ झाला तर लढवय्यांमधला र्‍यू घ्या, उडी मारा आणि हवेतच गिरकी किक मारून बघा. लागली तर ‘हायपर फायटिंग’चे नियम, नाही लागली तर ‘चॅम्पियन एडिशन’चे. चुन-ली फायरबॉल टाकते का आणि धाल्सिम एका जागी गायब होऊन दुसरीकडे उगवतो का, यावरूनही तेच कळतं.

आता खरी मेख. सुपर निन्टेन्डोच्या ‘टर्बो’मध्ये ‘नॉर्मल’ आणि ‘टर्बो’ असे दोन प्रकार आहेत. नॉर्मल म्हणजे चॅम्पियन एडिशनचे नियम, टर्बो म्हणजे हायपर फायटिंगचे. मेगा ड्राइव्हच्या कॅसेटमध्येही असेच दोन प्रकार आहेत, चॅम्पियन आणि हायपर. त्यामुळे जोड्या लावायच्या त्या अशा: सुपर निन्टेन्डोचा टर्बो प्रकार आणि मेगा ड्राइव्हचा हायपर प्रकार समोरासमोर. पीसी इंजिनला तुलनेत घ्यायचं असेल तर त्याच्यासमोर नॉर्मल आणि चॅम्पियन. एवढं एक पाळलंत तरी निम्मे वाद सुरूच होणार नाहीत.

नावांचाही एक सापळा आहे. जपानी आवृत्तीत बॉक्सरचं नाव एम. बायसन, पंजे घालून लढणाऱ्या स्पॅनिश लढवय्याचं नाव बालरॉग आणि शेवटच्या बॉसचं नाव वेगा. जपानबाहेर ही तीन नावं आपसात फिरवली: बॉक्सर झाला बालरॉग, पंजावाला झाला वेगा आणि शेवटचा बॉस झाला एम. बायसन. म्हणून जुने खेळाडू सरळ बॉक्सर, क्लॉ आणि डिक्टेटर म्हणतात. तुम्हीही नोंदी ठेवताना हीच नावं वापरा, नाहीतर जपानी कॅसेटवर ‘वेगा खूप ताकदवान आहे’ असं लिहाल आणि वाचणारा भलत्यालाच दोष देईल.

पायरी २: पन्नास की साठ

भारतात लोक हीच पायरी सगळ्यात जास्त चुकवतात, आणि तिला कारण आहे. आपला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र उमटवणारा. युरोपातही तसंच. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे जवळजवळ ६०. त्या काळचे गेम चित्राच्या ठेक्यावर चालायचे: एक चित्र उमटलं की गेम एक पाऊल पुढे. मग ६० साठी लिहिलेला गेम काही न बदलता ५० वर चालवला की सगळंच सुमारे सतरा टक्के हळू होतं. उडी हळू, फायरबॉल हळू, गाणंसुद्धा रेंगाळतं. शिवाय पालच्या पडद्यावर ओळी जास्त असल्याने वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि लढवय्ये थोडे चेपल्यासारखे दिसतात.

हे तपासायला कसलंही यंत्र लागत नाही. दोन खेळाडूंची मॅच लावा आणि दोन्ही पॅड खाली ठेवा. वरचं घड्याळ ९९ पासून शून्यावर येईपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ मोजा. गेमच्या घड्याळातला एक आकडा म्हणजे खरा सेकंद नव्हे, त्यामुळे ९९ सेकंदच यावेत अशी अपेक्षा धरू नका. त्याच कन्सोलच्या जपानी किंवा अमेरिकन यंत्रावर त्याच गेमची तिकडची प्रत लावून हेच पुन्हा करा. गेमचा वेग ताऱ्यांनी निवडायचा असतो, ते तारे दोन्हीकडे सारखेच ठेवा. एका प्रतीला लागलेला वेळ दुसरीच्या सव्वापटीच्या जवळ, नेमकं म्हणजे १.२ पट आला, तर तुम्ही ५० आणि ६० ची तुलना करत होतात. कन्सोलचा त्यात काही दोष नाही.

मी स्वतः कित्येक दिवस एका आवृत्तीला ‘जड’ म्हणत होतो. तिच्यात कॉम्बो (एकामागून एक जोडलेले फटके) लागायचे, पण हात आधीच पुढे गेलेला असायचा. स्टॉपवॉच लावल्यावर कळलं की मी पाल प्रत एनटीएससी प्रतीशी ताडून बघत होतो. एमुलेटर (कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर जुना कन्सोल चालवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनीही आपली फाइल युरोपची आहे का हे आधी बघावं. तिथेही हाच घोटाळा जसाच्या तसा होतो.

पायरी ३: पडद्याचा आकार

आर्केडचं चित्र आडवं ३८४ आणि उभं २२४ ठिपक्यांचं होतं. सुपर निन्टेन्डोवर ते २५६ बाय २२४ झालं. म्हणजे आडव्या ठिपक्यांतला एक तृतीयांश हिस्सा गेला, आणि म्हणूनच घरच्या आवृत्तीत लढवय्ये नव्याने काढावे लागले. मेगा ड्राइव्हवरही रुंदी २५६ च आहे. पण ही सगळी चित्रं शेवटी दिसायची ती ४:३ आकाराच्या जुन्या काचेच्या टीव्हीवर. ठिपके चौकोनी नव्हतेच, ते त्या काचेत बसतील तसे दाबले किंवा ताणले जायचे.

आजच्या टीव्हीवर ठिपके चौकोनी दाखवले तर आर्केडचं चित्र रुंद होतं आणि झांगीफ आहे त्याहून आडवा दिसतो. सुपर निन्टेन्डोचं उलट: चित्र अरुंद होतं आणि चुन-ली काटकुळी दिसते. असे दोन फोटो शेजारी ठेवून ‘बघा, अंगकाठीच बदलली’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात बदललेली असते ती फक्त टीव्हीची सेटिंग.

उपाय सोपा आहे. फूटपट्टी घ्या. चित्राची उंची २४ सेंटीमीटर असेल तर रुंदी ३२ यायला हवी. नसेल येत तर सेटिंगमध्ये ४:३ निवडा. चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा. टीव्हीला गेम मोड असेल तर तो लावा, नाहीतर चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ जातो आणि बटण उशिरा लागल्यासारखं वाटतं.

पायरी ४: हातात काय आहे

आर्केडमध्ये सहा बटणं: वरच्या रांगेत तीन पंच, खालच्या रांगेत तीन किक, डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम, जोरदार. ही मांडणी डोक्यात ठेवून मग पॅडकडे बघा.

सुपर निन्टेन्डोच्या पॅडवर समोर चार बटणं आणि खांद्यावर दोन, अशी सहा भरतात. पण जोरदार पंच आणि जोरदार किक खांद्यावर जातात, म्हणजे अंगठ्याचं काम तर्जनीवर येतं. मेगा ड्राइव्हचा मूळ पॅड तीन बटणांचा. त्यावर पंच आणि किक यांची अदलाबदल स्टार्ट दाबून करायची. भर मॅचमध्ये स्टार्ट दाबून किकवर जायचं आणि पुन्हा परत यायचं, यात आर्केडवर शिकलेलं सगळं विसरायला होतं. १९९३ मध्ये सहा बटणांचा पॅड आला. त्यावर तीन-तीनच्या दोन रांगा आहेत, अगदी आर्केडसारख्या. पीसी इंजिनसाठीही वेगळा सहा बटणांचा पॅड निघाला होता.

तेव्हा ‘मेगा ड्राइव्हवर खेळायला त्रास होतो’ असं कोणी म्हणालं, की आधी पॅड कोणता ते विचारा. तीन बटणांच्या पॅडवर ते शंभर टक्के खरं आहे. सहा बटणांच्या पॅडवर मात्र माझ्या हाताला हीच मांडणी सगळ्यांत सोयीची वाटते, सुपर निन्टेन्डोपेक्षाही. खांद्यावरच्या बटणाने जोरदार पंच मारायची सवय मला कधी लागलीच नाही.

एमुलेटरवर किंवा मिनी कन्सोलवर (जुन्या कन्सोलची छोटी नवी प्रत, गेम आतच भरलेले) खेळत असाल तर दोन्ही आवृत्त्यांना एकच पॅड वापरा, आणि बटणांची मांडणी दोन्हीकडे मुद्दाम सारखी करून घ्या.

पायरी ५: आता हाताची परीक्षा

या आवृत्त्यांत सरावासाठी वेगळा मोड नाही. मित्राला दुसरा पॅड देऊन शांत उभं राहायला सांगा, नाहीतर दुसरा पॅड तसाच बाजूला ठेवून द्या. एक कागद घ्या, दोन रकाने आखा, प्रत्येक कन्सोलला एक.

पहिली चाचणी हाडोकेनची, म्हणजे र्‍यूच्या फायरबॉलची. खाली, खाली-पुढे, पुढे, आणि पंच. डावीकडे उभं राहून वीस वेळा, उजवीकडे उभं राहून वीस वेळा. लागला तर रेघ, साधा पंच निघाला तर फुली. घाई करू नका, दर वेळी अंगठा मध्यावर येऊ द्या. माझ्या कागदावर बहुतेक फुल्या उजव्या बाजूच्या असतात. तो कन्सोलचा नाही, माझ्या अंगठ्याचा कल आहे, आणि वीस-वीस वेळा केल्याशिवाय तो लक्षात येत नाही. दोन्ही रकान्यांत उजवीकडे सारख्याच फुल्या पडल्या तर त्या सोडून द्या. एकाच रकान्यात जास्त पडल्या तर तिथे काहीतरी आहे.

दुसरी चाचणी जोडणीची. र्‍यूने खाली बसून मध्यम किक मारा आणि ती लागता लागता हाडोकेन टाका. किक पूर्ण व्हायच्या आत फायरबॉल निघायला हवा, समोरच्याला मध्ये ब्लॉक करायला फट मिळता कामा नये. ते बसलं की उडी मारून जोरदार किक, खाली उतरताच जोरदार पंच, त्यातूनच हाडोकेन. हा तीन फटक्यांचा जुना कॉम्बो म्हणजे या गेमची कसोटीच. दोन्ही कन्सोलवर दहा-दहा वेळा करा. लागतो का, एवढंच नका लिहू. बटण दाबायला किती जागा मिळते तेही लिहा: ‘सैल’, ‘घट्ट’, असा एक शब्द पुरतो.

तिसरी चाचणी गाइलची. मागे दाबून धरायचं, मग पुढे आणि पंच, की सोनिक बूम जातो. किती वेळ मागे धरावं लागतं? मनात सावकाश आकडे म्हणत धरण्याचा वेळ हळूहळू कमी करत जा आणि कुठे सुटायचा बंद होतो ते बघा. ५० आणि ६० चा फरक राहून गेला असेल तर तो इथे हमखास उघडा पडतो.

बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत किती उशीर लागतो, हे मोजायचं असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनचा उपयोग होतो. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर गेमचं एक चित्र म्हणजे व्हिडिओतली चार चित्रं. अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल ठेवा, बटण पूर्ण दाबलं जातं तिथून लढवय्याचा हात हलेपर्यंतची चित्रं मोजा, चारने भागा. दहा वेळा करून मधला आकडा घ्या.

वेगाचे तारे सारखे ठेवायला विसरू नका. सुपर निन्टेन्डोच्या टर्बोमध्ये वेग चार ताऱ्यांपर्यंत जातो, आणि दुसऱ्या खेळाडूच्या पॅडवर सुरुवातीला खाली, आर, वर, एल, वाय, बी असा क्रम दाबला तर दहापर्यंत. मेगा ड्राइव्हच्या हायपर प्रकारातही तारे आहेत. एका कन्सोलवरचे चार तारे म्हणजे दुसऱ्यावरचे चारच, असं गृहीत धरू नका. पुन्हा स्टॉपवॉच लावा आणि घड्याळ जिथे जवळजवळ सारखं धावतं ते तारे निवडा.

पायरी ६: काय गाळलं, काय राखलं

ही पायरी सगळ्यांना आवडते, आणि लोक सुरुवातच इथून करतात. शेवटी करा म्हणजे तिचा नीट आनंद घेता येतो.

आपल्याला सगळ्यात जवळचा स्टेज भारतातल्या धाल्सिमचा. मागे भिंतीवर गणपतीचं चित्र आहे आणि दोन्ही बाजूंना हत्ती ओळीने उभे आहेत. आर्केडमध्ये हे हत्ती जास्त आहेत, सुपर निन्टेन्डोवर कमी. प्रत्येक आवृत्तीत स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि मोजा. मग बाकीच्या स्टेजवर मागची माणसं, हलणाऱ्या वस्तू, जमिनीचं चित्र असंच एकेक करून बघा.

आर्केड सुरू होताना गर्दीसमोर दोन माणसं मारामारी करतात आणि मग कॅमेरा उंच इमारतीवरून वर जातो, तो प्रसंग सुपर निन्टेन्डोवर नाही. मेगा ड्राइव्हच्या कॅसेटवर आहे. बोनस राउंडमध्ये वरून पिंपं पडतात तो खेळ सुपर निन्टेन्डोवर गाळला आणि त्याच्या जागी विटा फोडायचा खेळ दिला. पीसी इंजिनवर पिंपं शाबूत आहेत. पीसी इंजिनच्या या आवृत्तीकडे फार कोणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या यंत्रावर असा गेम उतरवणं हे मोठं काम होतं.

रंगांत सुपर निन्टेन्डो सरस, तो पडद्यावर एका वेळी २५६ रंग दाखवू शकतो, तर मेगा ड्राइव्ह ६४. केन आणि र्‍यू यांच्या कपड्यांच्या चुण्यांत आणि स्टेजच्या आकाशात हा फरक दिसतो.

पायरी ७: डोळे मिटून ऐका

हेडफोन लावा, पडद्याकडे पाठ करा आणि दुसऱ्याला खेळू द्या. मेगा ड्राइव्हवर हाडोकेनचा आवाज घोगरा, घासल्यासारखा येतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवायला त्या कन्सोलकडे ८ बिटची एकच वाट (चॅनल) आहे, आणि या कॅसेटमध्ये तिचा वापर नीट जमलेला नाही. सुपर निन्टेन्डोकडे आवाजासाठी वेगळी चिप, आठ वाटा आणि ६४ किलोबाइट मेमरी. त्यामुळे आरोळ्या स्वच्छ येतात.

संगीताचं मात्र तसं नाही. आर्केडमध्ये यामाहाची एफएम चिप (सूर स्वतःच तयार करणारी, रेडिओशी संबंध नाही) होती आणि मेगा ड्राइव्हमध्येही यामाहाचीच एफएम चिप, फक्त दुसऱ्या मॉडेलची. म्हणून गाइलच्या स्टेजचं गाणं मेगा ड्राइव्हवर आर्केडच्या धाटणीचं, धातूसारखं टणक वाजतं. सुपर निन्टेन्डोवर तेच गाणं मऊ आणि गोल होतं. आरोळ्यांना एक आणि संगीताला एक असे दोन वेगळे शेरे द्या. ‘आवाज वाईट’ एवढंच लिहू नका.

सुरुवात कुठून करायची

तिन्ही कन्सोल जमवायची गरज नाही. आधी आर्केडची मूळ आवृत्ती हाताखालून जाऊ द्या, म्हणजे बाकीच्या कशाशी ताडायच्या ते कळेल. २०१८ चं ‘स्ट्रीट फायटर थर्टीएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि पीसीवर मिळतं आणि त्यात आर्केडच्याच आवृत्त्या आहेत. कन्सोलच्या आवृत्त्यांसाठी अमेरिकेत आणि युरोपात विकला गेलेला २०१७ चा सुपर निन्टेन्डोचा मिनी घ्या, त्यात ‘टर्बो’ आहे. जपानी मिनीमध्ये त्याऐवजी ‘सुपर’ आहे, तेव्हा खोक्यावरची यादी वाचूनच पैसे द्या. २०१९ च्या मेगा ड्राइव्ह मिनीच्या अमेरिकन आणि युरोपीय प्रतींत ‘स्पेशल चॅम्पियन एडिशन’ आहे.

पहिल्या दिवशी फक्त दोन आवृत्त्या आणि एकच खेळाडू घ्या, तोही र्‍यू. नोंदीच्या वरच्या ओळीत आवृत्तीचं पूर्ण नाव, कोणत्या देशाची प्रत, ५० की ६०, पॅड कोणता, तारे किती आणि टीव्ही कोणता, एवढं लिहा आणि त्याखाली वीस-वीस हाडोकेनच्या रेघा ओढायला घ्या.